माती लोटण्यापूर्वी

सार्वजनिक बांधकामांच्या दोन जाती असतात. एक डोळ्यांसमोर उभी राहणारी आणि दुसरी जमिनीखाली जाणारी. रस्ता उखडला, शाळेचे छत गळू लागले किंवा पुलाचा कठडा कोसळला, तर ते शाळकरी पोरालाही दिसते. त्यावर चौकात चर्चा होते, वर्तमानपत्रात पत्रे येतात आणि कधी कधी दुरुस्तीही होते. भुयारी गटाराचे तसे नाही. चर खणला, नळ टाकले आणि माती लोटली की त्या कामाचे गुणदोष कायमचे दृष्टीआड होतात. पुढील तीस वर्षे त्यांची साक्ष देतात त्या तीनच गोष्टी : दुर्गंधी, रोगराई आणि पालिकेचे वीजबिल.

हा विषय आज काढण्याचे कारण उघड आहे. भुयारी गटार ही काही काळापूर्वीपर्यंत मोठ्या शहरांची मिरास होती. २०१५ साली सुरू झालेल्या अमृत योजनेने ती जिल्ह्याच्या गावांपर्यंत आणली. आपल्या बीड शहराचाही त्या योजनेत समावेश झाला. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वच्छ भारत अभियानाचा जो दुसरा नागरी टप्पा सुरू झाला, त्यात एक लाखाहून कमी वस्तीच्या गावांतील सांडपाण्याची व्यवस्था हाही एक भाग ठेवण्यात आला. २०११ च्या जनगणनेत पन्नास हजारांच्या घरात असलेले माजलगाव नेमके याच वर्गात बसते. तेव्हा उघड्या नाल्या आणि घरोघरच्या सेप्टिक टाक्या यांवर आजवर भागवत आलेल्या अशा तालुक्याच्या गावांना भुयारी वाहिन्यांचा विचार आज ना उद्या करावाच लागणार. त्या वेळी किती किलोमीटर नळ टाकले आणि किती कोटी खर्च झाले, हे आकडे आपल्याला मोठ्या उत्साहाने सांगितले जातील. परंतु टाकलेले नळ पाणी धरतात काय, हा प्रश्न कोणी विचारील असे वाटत नाही. तो आधीच विचारला पाहिजे. ज्या वाहिनीची गळतीची चाचणी झालेली नाही, तिच्यावर माती लोटू नये आणि तिचे देयकही चुकते करू नये, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

पांढरी आणि काळी

गटाराचा नळ म्हणजे काही अखंड बोगदा नव्हे. दोन-अडीच मीटर लांबीचे तुकडे एकमेकांत बसवून, मध्ये मध्ये विटांचे किंवा काँक्रीटचे चेंबर बांधून ही वाहिनी तयार होते. एका किलोमीटरमध्ये चारशेच्या आसपास सांधे येतात. वाहिनीचे आयुष्य नळाच्या जाडीवर ठरण्याऐवजी या सांध्यांवर ठरते. आणि सांधा टिकणार की नाही, हे त्याच्याखालची जमीन ठरवते.

आपल्या पूर्वजांनी गाव वसवले ते पांढरीवर आणि शेती केली ती काळीत. या विभागणीत मोठे शहाणपण होते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर बांधलेल्या घराच्या भिंती तडकतात, हे मराठवाड्यातील कोणत्याही गवंड्याला ठाऊक आहे. आज गावे वाढली ती पांढरी सोडून काळीत उतरली. अकृषिक झालेल्या शिवारात प्लॉट पडले, वसाहती उभ्या राहिल्या. उद्याच्या गटारवाहिन्यांचा मोठा भाग याच मातीतून जाणार. दरवर्षी वरखाली होणाऱ्या जमिनीत ताठर सांध्याचा, नीट पाया न घातलेला नळ किती काळ पाणी धरून ठेवील? खाली वाळूचा किंवा मुरमाचा योग्य थर, हलला तरी न फुटणारा रबरी कड्याचा सांधा आणि चोहोबाजूंनी नीट चोपलेली भर या गोष्टी अंदाजपत्रकात असतात. त्या चरात उतरल्या किंवा नाही, याचा निवाडा चाचणीवाचून होत नाही.

माजलगावच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. सिंदफणेवरील धरण हे जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचे अंग. पैठणच्या नाथसागरातून उजव्या कालव्याने गोदावरीचे पाणी येथे आणले जाते. दुष्काळी वर्षांत हेच धरण मृतसाठ्यावर आलेले आपण पाहिले आहे. परंतु जेव्हा पाणी असते तेव्हा जलाशय, कालवे, भिजणारी शेते आणि वरून पाऊस यांमुळे अशा भागातील भूजल वर चढते. वाहिनी भूजलाच्या पातळीखाली गेली की प्रत्येक सैल सांधा हा एक लहानसा झराच होतो. मैला वाहून नेण्यासाठी बांधलेली वाहिनी मग शिवाराचा पाझर गोळा करू लागते.

एका छपराचा हिशेब

जमिनीतून झिरपणारे पाणी हळूहळू येते. पावसाचे पाणी मात्र धाडीसारखे येते, आणि ते बहुधा आपणच आणून सोडतो. घराच्या गच्चीची पन्हळ अंगणातल्या चेंबरमध्ये सोडणे, अंगणात साचलेले पाणी त्याच तोंडाने घालवणे, रस्त्यावर पाणी तुंबले की मॅनहोलचे झाकण उचलून ते आत लोटणे, हे आपल्याकडे नित्याचे आहे. त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटत नाही, कारण त्याचा हिशेब कोणी मांडून दाखवलेला नाही. तो येथे मांडू.

सरकारी निकषानुसार भुयारी गटार असलेल्या गावात दरडोई दररोज १३५ लिटर पाणी द्यावे, आणि त्याचा सुमारे ८० टक्के भाग सांडपाणी होऊन परत येतो असे धरतात. म्हणजे माणशी १०८ लिटर. पाच माणसांच्या घराचे ५४० लिटर. पन्नास हजार वस्तीचे दिवसाला ५४ लाख लिटर, म्हणजे तासाला सरासरी सव्वादोन लाख. सकाळच्या गर्दीचे तास लक्षात घेऊन वाहिनीची क्षमता अडीच पटीने धरली, तरी ती तासाला साडेपाच-सहा लाख लिटर होते.

आता शंभर चौरस मीटरचे एक छप्पर घ्या. त्यावर तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर अडीच हजार लिटर पाणी खाली येते. एका कुटुंबाचे जवळजवळ पाच दिवसांचे सांडपाणी एकाच तासात! दहा हजार घरांपैकी केवळ एक हजार घरांनी आपली पन्हळ गटारात सोडली, तरी त्या तासात २५ लाख लिटरचा लोंढा वाहिनीत शिरेल. तीस वर्षांनंतरची दुप्पट लोकसंख्या धरून वाहिनी मोठी केली, तरी तिला हा भार झेपणार नाही. दहांपैकी नऊ घरे नियमाने वागली आणि एक चुकले, तरी संपूर्ण व्यवस्था कोलमडते. मग मैला उलटा फिरतो तो सखल भागातल्या घरांच्या न्हाणीत आणि शौचालयात. पन्हळ सोडणारे घर बहुधा उंचावर असते आणि भोगणारे खाली, हा या प्रकारातला मोठाच अन्याय होय.

याचा आर्थिक परिणामही ओघानेच येतो. पंपगृहातील पंप पावसाचे स्वच्छ पाणी उपसतात आणि त्याची वीज पालिका भरते. शुद्धीकरण केंद्रात मैला खाणारे जे सूक्ष्म जिवाणू जपून वाढवलेले असतात, ते लोंढ्याबरोबर वाहून जातात आणि ते केंद्र पुढचे कित्येक दिवस नावापुरतेच उरते. अर्धवट शुद्ध झालेले पाणी सिंदफणेत आणि पुढे मंजरथच्या संगमावर गोदावरीत जाते. ज्या गोदावरीत स्नान करून आपण पुण्य जोडतो, तिला दिलेले हे दान आहे.

गळतीची दुसरी दिशा

ज्या सांध्यातून पावसाळ्यात पाणी आत येते, त्याच सांध्यातून उन्हाळ्यात मैला बाहेर जातो. भोवतालची जमीन कोरडी झाली की गळतीची दिशा उलटते. आपल्या गावांत गटाराच्या शेजारून नळाची वाहिनी जाते, आणि जवळपास हातपंप व बोअर असतात. मराठवाड्यातील अनेक गावांना रोज पाणी मिळत नाही. काही दिवसांनी एकदा, ठरावीक तास नळ येतो. उरलेल्या काळात जलवाहिनी रिकामी असते. तिच्यात दाब नसल्याने भोवतालच्या चिखलातील घाण तिच्या भेगांतून आत शिरते आणि पुढच्या वेळी नळ आला की पहिल्या हंड्यात ती घरी पोहोचते. चोवीस तास दाबाखाली असलेल्या जलवाहिनीला हा धोका फार कमी. तेव्हा ज्या गावाला पाणी कमी, त्या गावाचे गटार अधिक घट्ट असले पाहिजे. आपल्याकडे नेमके याच्या उलट चालते.

हे भय काल्पनिक नाही. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील हातपंपामुळे १८५४ साली पटकी पसरल्याचे डॉ. जॉन स्नो यांनी दाखवून दिले, ही कथा शाळेच्या पुस्तकांतून अनेकांनी वाचलेली असते. तिचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी सांगत नाही. पुढच्या वर्षी तेथे खोदून पाहिले, तेव्हा विहिरीपासून तीन फुटांच्या आत एका घराची मैलाटाकी निघाली. तिचे विटकाम कुजलेले होते आणि मैला थेट विहिरीकडे झिरपत होता. स्नो यांच्या अनुमानाला पुरावा मिळाला तो एका गळक्या बांधकामाच्या तपासणीने. इतक्या दूरही जाण्याचे कारण नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली आणि तिने बळी घेतले. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या छावणी भागात हजारो लोक गॅस्ट्रोने आजारी पडले. अशा प्रत्येक साथीनंतर वाहिन्यांची गळती शोधण्याची धावपळ होते. माणसे आजारी पडल्यावर जी तपासणी होते, ती आधी का होऊ नये?

तपासणी कशी करतात?

ही तपासणी फार अवघड किंवा खर्चिक असेल, अशी समजूत असल्यास ती दूर केली पाहिजे. नळ टाकण्यासंबंधी भारतीय मानक संस्थेची संहिता आहे. तिचा क्रमांक ४१२७ आणि सुधारित आवृत्ती १९८३ ची. तिच्यात सांगितलेली पद्धत कोणत्याही माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्याला समजेल इतकी सोपी आहे. दोन चेंबरमधील नळाचे खालचे तोंड बुचाने घट्ट बंद करायचे, वरच्या टोकाला उभा नळ किंवा नरसाळे लावलेली रबरी नळी जोडायची आणि पाणी भरायचे. पाण्याची उंची वाहिनीच्या सर्वांत उंच बिंदूपासून निदान अडीच मीटर हवी. नळ आणि सांधे थोडे पाणी शोषून घेतात, म्हणून काही वेळ जाऊ द्यायचा, पातळी पुन्हा भरून घ्यायची आणि घड्याळ लावायचे. दहा मिनिटांत, नळाच्या व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे, एका किलोमीटरला दोन लिटर एवढीच घट क्षम्य आहे. वीस सेंटिमीटर व्यासाच्या आणि तीस मीटर लांबीच्या टप्प्याला हे प्रमाण केवळ १.२ लिटर पडते. याहून अधिक पाणी ओतावे लागले, तर कोठे तरी सांधा गळतो आहे. चर उघडा असल्याने तो दिसतो आणि तेथल्या तेथे दुरुस्तही होतो. माती लोटल्यावर तोच सांधा शोधण्यासाठी रस्ता फोडावा लागतो.

नळ सरळ रेषेत आणि नीट उतारावर बसले किंवा नाहीत, हे पाहण्याची रीत तर याहून सोपी. एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला आरसा धरायचा. प्रकाशाचे पूर्ण वर्तुळ दिसले की रेषा सरळ. नळाच्या व्यासापेक्षा १३ मिलिमीटरने लहान असा गुळगुळीत चेंडू वरच्या तोंडातून सोडायचा. तो अडखळत नाही आणि खालून बाहेर येतो, तर आत सिमेंटचे गोळे राहिलेले नाहीत. चेंबरही पाण्याने भरून पाहावे लागते, कारण विटकामाचे चेंबर नळांपेक्षा अधिक गळते असा सर्वत्र अनुभव आहे.

वाहिनी चालू झाल्यावरच्या तपासण्या निराळ्या. चैत्र-वैशाखात जमीन कोरडी असताना पंख्याच्या साहाय्याने वाहिनीत निरुपद्रवी धूर सोडतात. तो जेथे जेथे भेग असेल तेथून वर येतो. आणि ज्या घराची पन्हळ गटारात सोडलेली असेल, त्या घराच्या पन्हळीतून निघून साऱ्या गल्लीला दिसतो. दवंडी पिटून किंवा ध्वनिक्षेपकावरून लोकांना आधी कल्पना दिली पाहिजे, नाही तर आग लागली म्हणून पळापळ व्हायची. श्रावण-भाद्रपदात मध्यरात्रीनंतर दोन ते चार या वेळात वाहिनीतला प्रवाह मोजतात. गाव झोपलेले असते, नळही आलेला नसतो अशी रात्र निवडायची. त्या वेळी नितळ पाण्याची धार खळखळत असेल, तर ते पाणी जमिनीचे आहे हे निश्चित. शंका असलेल्या ठिकाणी रंग टाकून किंवा छोटा कॅमेरा आत सोडून दोषाची नेमकी जागा कळते.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप पाण्याचा. जेथे प्यायला पाणी नाही, तेथे गटारे धुण्यासाठी पाणी कोठून आणायचे? आक्षेप वरवर रास्त दिसतो. परंतु वर सांगितलेला तीस मीटरचा टप्पा भरायला एक हजार लिटरही लागत नाहीत. तेच पाणी पुढच्या टप्प्यात सोडता येते आणि ते पिण्याजोगे असण्याची गरज नाही. जेथे तेवढेही शक्य नाही, तेथे हवेच्या दाबाने चाचणी करता येते.

दुसरा आक्षेप वेळेचा. चर उघडे ठेवले तर रहदारी अडते, पावसाळा तोंडावर येतो, निधी परत जातो. हे खरेच आहे. म्हणून चाचणी टप्प्याटप्प्याने करायची असते. आज तीस-चाळीस मीटर टाकले, उद्या तेवढेच तपासले, परवा बुजवले. जो गुत्तेदार एकदम दोन किलोमीटर रस्ता खणून ठेवतो, त्याने चाचणीच्या विलंबाची तक्रार करावी हे शोभत नाही.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण सर्वांत बलवान तोच आहे. चाचणी कागदावर करता येते. तारीख, टप्पा, व्यास, ‘समाधानकारक’ असा शेरा आणि दोन सह्या. नळात थेंबभर पाणी न जाताही मोजमाप पुस्तिका भरता येते. या रोगावर कायद्याचे औषध फार नाही; उजेडाचे आहे. चाचणी कोणत्या दिवशी, कोणत्या गल्लीत होणार हे आधी जाहीर व्हावे आणि ती गल्लीच्या देखत व्हावी. अडीच मीटर उंचीवरच्या नरसाळ्यातले पाणी खाली जाते की थांबते, हे पाहायला अभियंता असावे लागत नाही.

उतरणारा माणूस

आतापर्यंत नळ, पाणी आणि पैसा यांचा विचार केला. परंतु गळक्या गटाराची सर्वांत मोठी किंमत माणूस देतो. सांध्यातून पाण्याबरोबर माती आत येते, ती तळाशी बसते, वाहिनी तुंबते आणि मग कोणाला तरी आत उतरवले जाते. मैला कुजून तयार झालेला वायू उतरणाऱ्याला दुसरा श्वास घेऊ देत नाही. त्याला वाचवायला गेलेलाही परत येत नाही. मे २०२३ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात मैलाटाकी साफ करताना पाच मजुरांचा मृत्यू झाला. ती खाजगी टाकी होती, सार्वजनिक वाहिनी नव्हे; पण वायू तोच आणि उतरवला जाणारा माणूसही त्याच थरातला. माणसाला अशा कामाला लावण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये ठरवली. मनाई आणि भरपाई दोन्ही आवश्यकच. पण ज्या वाहिनीत माती शिरत नाही तिच्यात माणूस उतरवण्याची वेळ क्वचितच येते, हा त्याआधीचा विचार झाला. उघड्या मॅनहोलचा धोका तर रस्त्याने चालणाऱ्या कोणालाही आहे. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत डॉ. दीपक अमरापूरकर यांच्यासारखा नामवंत वैद्य अशाच एका तोंडातून वाहून गेला.

कोणी काय करावे?

नगरपालिकेने चार गोष्टी ठरावाने निश्चित कराव्यात. प्रत्येक टप्प्याच्या चाचणीचा अहवाल जोडल्याशिवाय देयक मंजूर होऊ नये. भर चोपून झाल्यावर आणि पुन्हा पहिल्या पावसाळ्यात चाचणी व्हावी, आणि दोषदायित्वाचा काळ निदान दोन पावसाळे उलटेपर्यंत असावा. कारण काळ्या मातीने आपले दोन फेरे पूर्ण केल्यावरच सांध्यांची खरी परीक्षा होते. नवी जोडणी देताना पन्हळ निराळी आहे हे पाहूनच परवानगी मिळावी, आणि पावसाच्या पाण्यासाठी नाल्या जिवंत ठेवाव्यात. भुयारी गटार आले म्हणून नाली बुजवली, तर पन्हळीला दुसरी वाटच उरत नाही. शेवटचे म्हणजे वाहिन्यांचा नकाशा आणि चाचणीचे आकडे पालिकेच्या फलकावर लागावेत. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने अशी माहिती आपण होऊन प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य पालिकेवर टाकलेलेच आहे.

हे पान वाचणाऱ्यांचाही यात वाटा आहे. कचेरीत देयकाची नस्ती ज्याच्या टेबलावरून जाते, त्या लिपिकाने चाचणीचा कागद नाही म्हणून ती एकदा परत पाठवली, तर त्याने गावाच्या आरोग्यासाठी मोठे काम केले असे म्हणता येईल. शिक्षकांनी द्रवाचा दाब शिकवताना वर्ग चराच्या काठावर न्यावा. पुस्तकातील आकृतीपेक्षा ते नरसाळे अधिक शिकवील. विद्यार्थ्यांनी घड्याळ हातात धरून दहा मिनिटे मोजावीत आणि आकडा वहीत लिहावा. आणि आपण सर्वांनी घरी जाऊन आपल्या गच्चीचे पाणी कोठे जाते, हे एकदा पाहावे. त्याला सरकारी मंजुरी लागत नाही.

भुयारी गटार हे पिढीतून एकदाच होणारे काम आहे. ते नीट झाले तर पुढची पिढी त्याचे नावही काढणार नाही, आणि तेच त्याचे यश. ते बिघडले तर तीस वर्षे प्रत्येक पावसाळ्यात ते आपली आठवण करून देईल. या दोहोंमधला फरक तीस मीटरच्या टप्प्यामागे हजार लिटर पाणी आणि दहा मिनिटांचा वेळ एवढाच आहे. तो वेळ माती लोटण्यापूर्वी काढायचा असतो.